साळावलीच्या बेटांवर कायाकने मुक्काम: कोण कोण येणार? (नियोजनाचा धागा)

काठावरचा

नमस्कार मंडळी,

पावसाळा संपत आला की आपल्या इथे ट्रेकचे धागे निघतात, पाण्यावरचा एकही निघत नाही. गोव्यात राहून पाण्याकडे फक्त पुलावरून बघायचं, हे मला पटत नाही. म्हणून हा धागा.

डोक्यात असलेला बेत असा. सांग्यातलं साळावली धरण. गोव्यातला सगळ्यांत मोठा जलाशय, पाणी पसरलंय सुमारे २४ चौरस किलोमीटरवर. धरण भरलं की बुडालेल्या टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर राहतात. दहा-बारा जणांनी कायाक घ्यायच्या, तंबू आणि शिधा त्यातच भरायचा, एका बेटावर एक रात्र, दुसऱ्यावर दुसरी, आणि रविवारी परत. नोव्हेंबर किंवा डिसेंबर. पाऊस गेलेला असतो, ऊन सोसण्यासारखं असतं.

मला हवं आहे ते: (१) येणाऱ्यांची नावं, (२) परवानगी कोणाची लागते, (३) कायाक भाड्याने घ्यायच्या तर सामान मावेल अशा कुठे मिळतील, (४) कोणी तिथे पाण्यात उतरलेलं असेल तर त्यांचा अनुभव.

साखळीची सुमेधा

रुमाल टाकून ठेवते. दोन गोष्टी आधीच विचारते, म्हणजे नंतर खोळंबा नको. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून चालेल का, की पोहता येणारेच हवेत? दुसरं, बेटावर बायकांनी सकाळी जायचं कुठे? हे कोणी लिहीत नाही, पण घरून निघताना पहिला प्रश्न हाच असतो.

मडगावचा मन्या

मी नक्की. तारीख मात्र पौर्णिमेची धरा. चांदण्यात पाण्यावर वल्हं मारत जायचं यासारखं सुख नाही. त्रिपुरारी पौर्णिमा कशी वाटते?

वालकिणीची लेक

काठावरचा, बेत मनापासून केलेला दिसतो, म्हणून मनापासूनच लिहिते.

माझं माहेर वालकिणी, म्हणजे मूळ कुर्डी. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना धरणाचं ठरलं, आमच्या माणसांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं आणि १९८६ पासून गाव पाण्याखाली आहे. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी ते हेच. गावात देवळं होती, मशीद होती, चॅपेल होतं, भाताची शेतं होती. महादेवाचं जुनं देऊळ दगड दगड सुटा करून हलवलं आणि धरणाजवळ पुन्हा उभारलं. ते बघायला पर्यटक जातात. घरं कोणी हलवली नाहीत.

मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तिथे उत्सव होतो, आणि कुर्डीची माणसं जिथे असतील तिथून येतात. वडील आम्हाला जोत्यावर उभं करायचे. भेगाळलेल्या चिखलातून चिऱ्याची एक ओळ वर आलेली असते. ही ओसरी, ही न्हाणी, इथे रांजण, असं ते पायाने दाखवत जायचे. विहिरीचा काठ अजून गोल आहे. आई तुळशीच्या जागी पणती लावते आणि आम्ही संध्याकाळच्या आत निघतो, कारण काही दिवसांनी पाऊस आला की परत सगळं खाली.

म्हणून तुम्हाला जी बेटं दिसतात ती आमच्या गुरांच्या चरणीची डोंगरी आहे. तिथे जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण तंबू ठोकून, चूल मांडून, सकाळी काठावर मोकळं होऊन यायची ती जागा नव्हे. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी ते पिण्याचं पाणी आहे. मडगाव-वास्कोपर्यंतच्या नळांना साळावलीचं पाणी जातं. मन्या, तुमच्याही नळाला. जलाशय जलस्रोत खात्याकडे आहे, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तिथे होडी घालता येत नाही आणि मुक्कामाचं तर विचारूही नका. आणखी एक: पाण्याखाली झाडांचे खुंट आहेत. पातळी जसजशी उतरते तसतसे ते पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात आणि वरून दिसत नाहीत.

कुर्डी बघायची असेल तर मे महिन्यात उत्सवाला या, चालत. मी स्वतः दाखवीन, जेवायला आमच्याकडेच थांबा.

दोडामार्गकर

वरच्या प्रतिसादाला +१.

आता कोणीतरी तिळारी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. धरण आमच्या तालुक्यात, महाराष्ट्र आणि गोवा सरकारचा संयुक्त प्रकल्प. पाणी सुंदर आहे, वाद नाही. पण आमच्याकडे रानटी हत्ती आहेत, बागायतीत येतात, पाण्यावर येतात. २०२० साली इथला जवळजवळ साडेएकोणतीस चौरस किलोमीटर भाग संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला. काठावर तंबूत झोपायची ही जागा नाही. आमचे शेतकरी माचाणावर रात्र काढतात, तुम्ही जमिनीवर काढणार?

काठावरचा

वालकिणीची लेक, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. साळावलीचा बेत मी मागे घेतो. मे महिन्याचं आमंत्रण मात्र पक्कं धरतो. तिळारीही बाद.

धागा बंद करायचा नाही. बेटं आणि कायाक या दोन गोष्टी हव्यात, धरणच हवं असं नाही. गोव्यात मुक्कामाला जमेल असं दुसरं कुठलं पाणी आहे?

खाजनवाला

आहे की. मांडवी. दिवाडी, चोडण, जुवे, वांशी, कुंभारजुवे ही सगळी बेटंच आहेत, आणि पणजीपासून किती लांब!

मी जुव्याचा. सांत इस्तेव म्हणतात तेच. चुलत्यांचं नदीला लागून भाट आहे. माड, थोडी आंब्याची झाडं, मधे मोकळी जमीन, पाच-सहा तंबू आरामात बसतील. बोअरचं पाणी गोडं आहे. जुन्या घरात संडास-न्हाणी आहे, चालू स्थितीत. सुमेधाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. चुलत्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत. अट एकच, रात्री मोठ्याने गाणी नकोत, शेजारी म्हातारी माणसं आहेत.

खासगी जागेचं महत्त्व वेगळं सांगतो. नदीकाठची जमीन दिसायला मोकळी असली तरी तिला कोणी ना कोणी धनी असतो, भाटकार (जमीनमालक), कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) नाहीतर सरकार. शिवाय पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात कायद्याने बंदी आहे, त्यासाठी २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. घरमालकाच्या परसात त्याच्या परवानगीने चूल मांडणं वेगळं.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतात अशा दोन गोष्टी. पहिली, मानस. आमची खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन, बांधाच्या आत, आणि बांधात पाण्याला लाकडी दार असतं त्याला मानस म्हणतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी त्यातून बाहेर पडतं तेव्हा केवढा जोर असतो ते काठावर उभं राहिल्यावर कळतं. तोंडाशी मासे धरायला जाळं लावलेलं असतं. कायाक आडवी होऊन त्यात गेली की माणूस जाळ्यात. मानशीपासून लांब राहायचं, आतल्या बाजूला शांत पाणी दिसलं तरी. दुसरी, कालवं. बांधाच्या दगडांना, खांबांना, जुन्या पायऱ्यांना कालवं चिकटलेली असतात. अनवाणी पाय ठेवला की तळवा ब्लेडने कापल्यासारखा कापतो, आणि खाऱ्या चिखलातली जखम लवकर भरत नाही. पट्ट्याची चप्पल नको, बंद बूट हवेत. जुने चालतील.

पर्वरीचा पक्षीवेडा

छान. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य (१९८८, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर) वाटेत नसलं तरी शेजारी आहे. आत कायाक घालायची तर वन खात्याची परवानगी लागते, मुक्काम नाही. या खेपेला त्याचा मोह नको, ते वेगळ्या सकाळचं काम आहे.

पण मगरीबद्दल कोणी बोललं नाही. कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि जुवारीला जोडतो, त्यात मगरी आहेत. सुसरी नव्हेत, मगरी, गोड्या पाण्यात राहणारी जात, इथे मचूळ पाण्यात राहते. थंडीत सकाळी सुकतीला चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. होडीवर धावून येत नाहीत. तरी कालव्यात शिरू नका, पाण्यात पाय सोडून बसू नका, तिन्हीसांजेनंतर काठावर भांडी घासू नका आणि मासे तर मुळीच साफ करू नका. तंबू काठापासून आत.

मडगावचा मन्या

मांडवी मला चालेल. पौर्णिमेचं काय ते सांगा.

दर्यावर्दी

मन्या, आता पौर्णिमेचंच सांगतो. जरा लांबेल, पण हा भाग नीट वाचल्याशिवाय कोणी निघू नये. नोकरी बंदरात झाली, वडील गरवे घेऊन याच नदीत असायचे, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

धरणाच्या पाण्यात आपण शनिवार-रविवार बघून तारीख ठरवतो. मांडवीत तसं करता येत नाही. भरती-ओहोटीचा परिणाम मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत गांज्यापर्यंत जाणवतो. जुवे त्याच्या फार अलीकडे. म्हणजे तुमच्या सबंध वाटेवर दर सहा तासांनी पाणी उलटं फिरणार. नवशिका माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो. पाण्याची ओढ पाठीशी असली तर तो दोन तासांत पोचतो, समोरून असली तर चार तासांत दमतो आणि तरी पोचत नाही.

भरतीची वेळ काढायची आपली जुनी रीत: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण सुकती, आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे पुन्हा भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. हा हिशोब मुखाजवळचा. नदीत आत जाऊ तशी भरती उशिरा लागते. आणि हा अंदाज झाला. निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचंच, विशेषतः अष्टमीच्या सुमारास, कारण त्या दिवसांत दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि वेळाही थोड्या सरकतात.

आता पौर्णिमा घ्या. साडेअकराला भरती संपली. तुम्ही जेवून दोनला निघालात तर पाणी समुद्राकडे चाललंय आणि तुम्हाला जायचंय वर. पौर्णिमेचं उधाण, चढउतार दोन मीटरच्या आसपास, ओढ सगळ्यांत जोराची. त्यात दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून आत. पाणी बाहेर, वारा आत, दोघांची गाठ पडली की नदीत आखूड आणि उभ्या लाटा उठतात. भरलेली कायाक त्यात नाक खुपसते. एवढं करून पाचला जुव्याला पोचलात तर सुकतीचा तळ लागलेला, काठ आणि पाणी यांच्यात गुडघ्याच्या वर चिखल. त्यातून सामान कसं नेणार? चांदणं वरती असेल, तुम्ही चिखलात असाल.

अष्टमी-नवमीला सगळं उलट, तुमच्या बाजूने. तेव्हा भांग असतो, चढउतार मीटरभर किंवा कमी, ओढ मवाळ. दुपारी बाराला सुकती संपली, एक-दीडला पाणी वर चढायला लागलं की रायबंदरहून निघायचं. भरती पाठीशी, खारा वारा पाठीशी. सहा तासांच्या भरतीत निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं, ते दोन तास तुम्ही नदीत असायला हवेत. चारच्या सुमारास उतराल तेव्हा पाणी काठाला बऱ्यापैकी भिडलेलं असेल. दुसऱ्या दिवशी नवमी, पावणेसातला पूर्ण भरती. चहा घेऊन साडेसातला पाण्यात उतरा. ओहोटी लागलेली असेल, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तोही पाठीशी. अकराच्या आत तुम्ही रायबंदरला.

म्हणून शनिवारी सप्तमी, अष्टमी, नवमी यांपैकी कोणतीही तिथी असेल तो शनिवार धरा, शुद्ध असो की वद्य. पंचांग उघडा, मग रजेचा अर्ज करा.

साखळीची सुमेधा

दर्यावर्दीकाका, हे वाचून मी आजोबांचं पंचांग काढून बसले. तिथीवरून पाण्याची वेळ निघते हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मन्या, त्रिपुरारीला तुम्ही साखळीला या. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पाण्यात सजवलेल्या नौका सोडतात, चांदणं आणि दिवे दोन्ही मिळतील, काठावर उभं राहून. वल्हवायला अष्टमीच बरी.

पोहण्याचं कोणीतरी सांगा ना.

वल्हेवाला

सुमेधाताई, मी सांगतो. कायाक शिकवायचं काम करतो, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो.

पोहता येत नसेल तरी येता येईल, पण दोन अटींवर. लाइफ जॅकेट अंगात घट्ट हवं. खांद्याचे पट्टे धरून दुसऱ्याने वर ओढलं तर ते हनुवटीला लागता कामा नये. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आणि दुसरी अट, उलटण्याचा सराव आधी झालेला हवा. पाण्यात पडल्यावर घाबरून जीव जातो, पाण्याने नंतर. सराव शांत पाण्यात करायचा. मये तलाव त्यासाठी उत्तम, डिचोलीपासून जवळ, ओढ नाही, लाटा नाहीत. तिथल्या लोकांना सांगून, काठाजवळ, प्रत्येकाने मुद्दाम कायाक उलटायची, बाहेर यायचं, कायाक सुलटी करायची आणि पोटावर आडवं पडत पुन्हा आत चढायचं. दुसऱ्याने शेजारी कायाक लावून धरून ठेवायची. ज्याला हे मये तलावात जमत नाही त्याने मांडवीत येऊ नये, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. पट्टीचे पोहणारे कायाक सोडून काठाकडे पोहायला लागतात. होडी कधीही सोडायची नाही. ती तरंगते आणि लांबून दिसते.

माणसं. बारा फार झाली. आठ ठेवा, चार दुहेरी कायाक. एक जाणता सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे, आणि मागच्याच्या मागे कोणीही नाही. पुढचा मागे बघून थांबतो, गट शिट्टीच्या टप्प्यात राहतो. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली, खिशात नव्हे. दुहेरीत वजनदार माणूस मागे. बंद डेकच्या कायाक मिळाल्या तर उत्तम, नाहीतर वर बसायच्या, रुंद बुडाच्या घ्या. त्या हळू चालतात, पण पाणी भरून बुडत नाहीत. फुगवायच्या मात्र आणू नका. वर कालवांचं वाचलंत ना.

भरणं. जड सामान मध्यभागी आणि तळाला, हलकं टोकांना. पाण्याचा डबा पाठीमागे, बैठकीला चिकटून. तंबूचे दांडे लांब असले तरी डेकवर बांधू नका, वारा धरतात. सगळं कोरड्या पिशव्यांत. पिशवीचं तोंड तीन वेळा गुंडाळून, आतली हवा दाबून काढून मग क्लिप. बहुतेक लोक एकदाच गुंडाळतात आणि रात्री ओल्या चादरीत कुडकुडतात. पिशवी घरी बादलीत दाबून बघा.

नदीचं पाणी मचूळ, ते प्यायचं नाही. जाताना माणशी तीन लिटर सोबत, कारण दुपारचं ऊन पाण्यावरूनही लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानटोपीवजा टोपी, गळ्याला दोरी असलेली.

मडगावचा मन्या

ठीक आहे, पटलं. अष्टमी. चंद्र अर्धा तर अर्धा. शुद्ध अष्टमी धरू, म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत तरी तो असेल.

जेवणाचं मी बघतो. संध्याकाळी जुव्याला पोदेराकडे (पाववाल्याकडे) उंडे आणि पोळ्या आगाऊ सांगून ठेवायला खाजनवाल्यांना जमेल का? रात्री उकडा भात, कुळथाची पिठी, सुक्या सुंगटांची किसमूर. शाकाहारींना चण्यांचं तोणाक, भाजून वाटलेलं वाटण मी घरून डब्यात आणतो, तिथे फक्त उकळी काढायची. पिठीला एक भांडं आणि दहा मिनिटं लागतात. ताजे मासे नकोत, पक्षीवेड्यांनी सांगितलंय ते लक्षात आहे.

वालकिणीची लेक

मी येऊ का? कायाक कधी चालवलेली नाही. मयेच्या सरावाला येते, जमलं तर पुढे.

काठावरचा

ताई, तुमचं नाव सुमेधाच्या शेजारी लिहिलं. येणारच आहात असं धरतो.

आतापर्यंत ठरलं ते:

आठ जण, चार दुहेरी कायाक, पुढे वल्हेवाला, मागे दर्यावर्दीकाका (काका, तुम्ही हो म्हणालात असं मी गृहीत धरलंय). त्याआधीच्या रविवारी मये तलावावर सराव, सकाळी. तो चुकवणाऱ्याची जागा प्रतीक्षेतल्याला. नदीत होड्या घालण्याबद्दल कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याला मी पत्र देतो, माणसांची नावं आणि वेळा लिहून. दुपारी दीडला रायबंदरहून, फेरीच्या धक्क्यापासून बाजूला. दिवाडी डावीकडे ठेवून जुने गोवे ओलांडायचं, जुव्याला मुक्काम, सकाळी साडेसातला परत त्याच वाटेने. दिवाडीला पूर्ण वळसा घालायचा माझा विचार होता.

रात्री वेळ मिळाला तर जुव्याचा किल्ला बघायचा आहे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने हे बेट घेतलं. पोर्तुगीज माघार घेत असताना महाराजांनी घोडा पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही हकीगत शाळेत असल्यापासून ऐकतोय. ती याच पाण्यातली.

दर्यावर्दी

मागे राहायला तयार आहे.

वळसा नको. भरती दिवाडीच्या दोन्ही अंगांनी आत येते. तुम्ही दक्षिणेकडून तिच्याबरोबर वर गेलात आणि टोकाला वळून उत्तरेच्या पात्रात शिरलात की तीच भरती समोरून येणार. नार्व्याला जायचं तर तो वेगळा दिवस आणि वेगळा हिशोब. सप्तकोटेश्वराचं देऊळ तिथे आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं. मूळ स्थान दिवाडीवर होतं, पोर्तुगिजांनी १५६० मध्ये पाडलं. नुसतं वल्हवत जवळून जाण्यापेक्षा तिथे उतरायला हवं.

किल्लाही अंधारात नको. चढावर गवत आणि पडके दगड, रात्री साप असतात. चारला उतरलात की तंबू पाच वाजेपर्यंत लागतील, उजेड असताना वर जाऊन या.

आणि फेरीबोट. रायबंदर-चोडण, रायबंदर-दिवाडी, जुने गोवे-दिवाडी, सगळ्या तुमच्या वाटेत आडव्या जातात. फेरी धक्क्यावरून सुटली की ती तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबूही शकत नाही. ती धक्क्याला लागलेली असताना तिच्या मागच्या बाजूने, आठही जणांनी एकत्र ओलांडायचं, एकेकाने नाही. खनिजाची बार्ज दिसली तर काठाकडे सरकायचं. भरलेल्या बार्जवरच्या माणसाला नाकासमोरची कायाक दिसत नाही, आणि ती गेल्यावर मागून येणारी लाट काठावरून आपटून परत येते. तेव्हा कायाकचं तोंड लाटेकडे करायचं.

काठावर एक माणूस हवा. कोण कुठे, किती वाजता निघणार, किती वाजता पोचणार हे त्याच्याकडे लिहून. पाचपर्यंत फोन आला नाही तर त्याने आधी खाजनवाल्यांना, मग ११२ ला फोन करायचा. नदीवर किनाऱ्यासारखे जीवरक्षक बसलेले नसतात.

पर्वरीचा पक्षीवेडा

काठावरचा माणूस मी. पाठदुखीमुळे वल्हवायचं नाही, पण रायबंदरला दोन्ही दिवस दुर्बीण घेऊन असेन. गाड्याही मी राखतो.

खाजनवाला

उंड्यांचं सांगून ठेवतो, पोदेर संध्याकाळी येतो. पिठीला लागणारं भांडं, सरपण आणि चूल इथे आहे, गॅस आणू नका, तेवढं वजन वाचेल. पाणी इथलंच, त्यामुळे येताना भरलेल्या बाटल्या परतीसाठी इथे पुन्हा भरून घ्या.

उतरायची जागा: आमच्या भाटापुढे चिऱ्याच्या जुन्या पायऱ्या आहेत, खालच्या तीन पायऱ्यांना कालवं आहेत. भरती अर्धी झाली की त्या पाण्याखाली जातात आणि कायाक थेट वरच्या पायरीला लागते. साडेतीनच्या आधी पोचलात तर उतरायची घाई करू नका, पाण्यातच थांबा. मी वर लाल गमछा बांधून ठेवीन, तो दिसला की डावीकडून या, उजवीकडे मानस आहे. चुलत्यांना नावं कळवायची आहेत, ती मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वद्य अष्टमी धरली तर मात्र आधी सांगा, त्या आठवड्यात आमच्याकडे कापणी असेल आणि मोकळ्या जमिनीवर भात वाळत असेल.